भयकथांचा महिना : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

महिनाभर केवळ भयकथा आणि डार्क फँटसी (काळोख्या, कल्पित जगातल्या कथा) वाचण्याचा संकल्प अनेक जण करतात आणि त्यांतले बरेचसे दहाव्या-बाराव्या दिवशी थांबतात. कारण विचारले की "पुढे पुढे भीतीच वाटेनाशी झाली" किंवा "कादंबरी संपता संपेना" यांपैकी एक उत्तर मिळते. दोन्हींचे मूळ एकच असते. पुस्तकांची यादी केलेली असते, क्रम मात्र लावलेला नसतो. भय ही औषधासारखी मात्रेने घ्यायची गोष्ट आहे. एकाच जातीच्या चार कथा एका बैठकीत वाचल्या, तर पाचवी कितीही ताकदीची असली तरी ती वाचकापर्यंत पोहोचत नाही, आणि दोष त्या कथेच्या माथी मारला जातो. तसे होऊ नये म्हणून पुढील टप्पे दिले आहेत. ते दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत.

१. महिना निवडणे

३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो म्हणून पाश्चात्त्य वाचक ऑक्टोबर निवडतात, आणि त्यांचे पाहून आपल्याकडेही तोच महिना धरला जातो. मराठी घरात हा निर्णय बहुधा फसतो. नवरात्र, दसरा, दिवाळीची साफसफाई, फराळ, पाहुणे आणि त्यात हाती आलेले दिवाळी अंक, एवढ्या गर्दीत रोजची निवांत संध्याकाळ सापडत नाही. भाद्रपदात गणपतीचे दिवस असतात, त्यामुळे तोही सोयीचा नाही.

माझ्या मते दोन महिने खरोखर योग्य आहेत. पहिला आषाढ. पावसामुळे संध्याकाळी बाहेर पडणे कमी होते, आणि आपला महिना अमावास्येला संपत असल्याने वाचनाची शेवटची रात्र दिव्यांच्या अमावास्येला येते. ज्यांच्या घरी वारी आहे त्यांनी मात्र आषाढ सोडून द्यावा. दुसरा पौष. रात्री मोठ्या असतात आणि परंपरेने या महिन्यात लग्नकार्ये धरत नसल्यामुळे आमंत्रणांनी वाचन मोडत नाही. तिथीने चालायचे असेल तर एक लक्षात ठेवावे : चांद्रमास कधी २९ दिवसांचा भरतो, कधी ३०. पंचांग पाहून दिवस मोजून घ्यावेत.

तपासणी : निवडलेल्या महिन्यातील प्रवास, परीक्षा, कार्यालयातील हिशेबाचे दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवले आहेत का? अशा दिवसांची संख्या सहाच्या वर जात असेल, तर महिना बदलावा.

२. पानांचा हिशेब

नेहमीची चूक अशी, की वाचक पुस्तके मोजतात. "या महिन्यात दहा पुस्तके" या वाक्याला काहीच अर्थ नाही, कारण एक पुस्तक ९० पानांचे असते आणि दुसरे ४००. मोजायची ती पाने, आणि तीही स्वतःच्या वेगाने.

घड्याळ लावून २० मिनिटे एखादे ओळखीच्या धाटणीचे मराठी पुस्तक वाचावे आणि पाने मोजावीत. इंग्रजी पुस्तक वाचणार असाल तर तीच चाचणी इंग्रजीवर वेगळी घ्यावी, कारण दोन्हींत बराच फरक पडतो. समजा, २० मिनिटांत मराठीची ११ पाने झाली. रोज ४० मिनिटांची बैठक धरली तर २२ पाने होतात. तीस दिवसांतले सहा दिवस कोरे सोडायचे, म्हणजे उरल्या २४ संध्याकाळी आणि ५२८ पाने. त्यातून दहावा हिस्सा वजा करावा, कारण काही पाने दोनदा वाचावी लागतात. साधारण ४७५ पाने हाती राहतात. एवढ्यातच कथा, कादंबरी आणि डार्क फँटसी बसवायची आहे, हे आकड्यांत दिसले की यादी आपोआप आटोपशीर होते.

कोऱ्या सहा दिवसांपैकी तीन ठरलेले असावेत (ते पुढे दिले आहेत) आणि तीन हातचे राखावेत. अचानक कोणी आले, दिवे गेले, डोके दुखले, तर ते खर्च करता येतात.

३. पुस्तके जमवणे

सगळी पुस्तके पहिल्या दिवसाआधी घरात असावीत. "दुसऱ्या आठवड्यात मागवू" असे म्हटलेले पुस्तक चौथ्या आठवड्यात येते आणि तोवर क्रम मोडलेला असतो.

मराठीत भयकथेचा मोठा साठा अजूनही वाचनालयांच्या कपाटांत आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या प्रती तिथे इतक्या हातांतून गेलेल्या असतात, की त्या पुन्हा बाइंडिंग केलेल्या असण्याची शक्यता बरीच. माझ्या तालुक्याच्या वाचनालयातून मी एकदा धारपांची कादंबरी आणली. सलग तीन रात्री वाचली, आणि शेवटी पाहतो तर अखेरचे पान नाही. बाइंडिंग करताना शेवटचा कागद मागच्या पुठ्ठ्याला चिकटून गेला होता आणि खळीच्या थरातून उलट्या अक्षरांच्या दोन-तीन ओळी तेवढ्या दिसत होत्या. तेव्हापासून मी पुस्तक टेबलावर ठेवण्याआधी शेवटचे पान न वाचता फक्त त्याचा क्रमांक पाहतो आणि मधल्या फर्म्यांचे (एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचे) क्रमांक सलग आहेत का ते चाळून घेतो. दोन मिनिटांचे काम आहे, ते टाळू नये.

भाषांतरित पुस्तक घेताना ते संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे पाहिलेच पाहिजे. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला'ची मूळ प्रकरणे २७ आहेत. हातातल्या प्रतीत ती फारच कमी असतील, तर ते कथासार आहे असे समजावे. ही कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतील कात्रणे यांतून सांगितलेली आहे. त्या तुकड्यांच्या मधल्या फटींतूनच भय झिरपत असते आणि संक्षेप करताना नेमक्या त्याच फटी बुजवल्या जातात.

सावधान : एकाच कथाबीजाची दोन पुस्तके एका महिन्यात घेऊ नयेत. धारपांची 'लुचाई' ही स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. दोन्ही पाठोपाठ वाचली तर दुसऱ्या पुस्तकात वाचक तुलनाच करत बसतो, घाबरत नाही. दोन्ही वाचायचीच असतील तर मध्ये वर्ष जाऊ द्यावे.

दुसरी सूचना मलपृष्ठाबद्दल. मलपृष्ठावरचा मजकूर, प्रस्तावना आणि ओळखीच्यांनी सांगितलेले "शेवट काय आहे माहितीये का" यांपैकी काहीही आधी वाचू किंवा ऐकू नये. प्रस्तावना कथा संपल्यावर वाचावी. पुस्तकाला कव्हर घालून टाकले की मोह राहत नाही.

४. क्रम लावणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

पहिला ते पाचवा दिवस : लघुकथा

सुरुवात कधीही कादंबरीने करू नये. पहिल्या आठवड्यात मनाला संध्याकाळी ठरल्या वेळी त्या वातावरणात शिरण्याची सवय लागायची असते, आणि एका बैठकीत पुरी होणारी कथाच ती लावू शकते. एका संध्याकाळी एकच कथा वाचावी. वीस पानांची असली तरी एकच, आणि आठ पानांत संपली तरी एकच. उरलेल्या वेळात तीच कथा पुन्हा चाळून, लेखकाने आपल्याला कुठे फसवले ते शोधावे.

मतकरींच्या गूढकथांबाबत हा नियम विशेष पाळावा. त्यांच्या अनेक कथांचा पूर्ण भार शेवटच्या कलाटणीवर असतो. 'खेकडा' किंवा 'गहिरे पाणी' यांसारखा संग्रह एका रविवारी आडवा-उभा वाचून काढणारा वाचक तिसऱ्या कथेपासून कलाटणीचा अंदाज बांधू लागतो. कथेतील माणसांकडे, त्यांच्या घरांकडे, त्यांच्या साध्या बोलण्यातल्या धोक्याकडे त्याचे लक्षच राहत नाही. एका संग्रहातून दोन कथा घ्याव्यात आणि बाकीच्या तीन वेगळ्या लेखकांच्या घ्याव्यात. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची १९०२ मधील 'द मंकीज पॉ' ही अगदी छोटी कथा पहिल्या संध्याकाळसाठी उत्तम आहे. रवींद्रनाथ टागोरांची १८९५ मधील 'क्षुधित पाषाण' पाचव्या संध्याकाळी ठेवावी, कारण तिचा शेवट मुद्दाम अर्धवट सोडलेला आहे आणि पुढचा दिवस कोरा असला तरच तो मनात पुरेसा घोळतो.

सहावा दिवस कोरा.

सातवा ते सोळावा दिवस : एक कादंबरी

या दहा दिवसांत हातचे दोन कोरे दिवस धरलेले आहेत, म्हणजे प्रत्यक्ष वाचनाच्या आठ संध्याकाळी मिळतात. २२ पानांच्या वेगाने १७५ पानांच्या आसपासची कादंबरी यात नीट बसते. धारपांच्या मध्यम लांबीच्या कादंबऱ्या यासाठी सोयीच्या आहेत. पहिल्याच दिवशी प्रकरणे आठ भागांत वाटून पानांवर पेन्सिलीने बारीक खूण करावी. पुस्तक वाचनालयाचे असेल तर कागदाच्या पट्ट्या घालाव्यात. भाग पाडताना प्रकरणाच्या शेवटी थांबण्याचा आग्रह धरू नये. कादंबरीकार प्रकरण बहुधा धक्क्यावर तोडतो आणि तिथे थांबले की पुढचे उघडण्याचा मोह आवरत नाही. पुढच्या प्रकरणाची दोन पाने वाचून, प्रसंग जरा स्थिर झाल्यावर थांबणे झोपेच्या दृष्टीने बरे.

एक निरीक्षण इथे नोंदवतो. धारपांच्या 'समर्थ' कथांत दुष्ट शक्तींशी लढणारा समर्थ हा नायक पुन्हा पुन्हा येतो. तो आला की वाचकाच्या मनावरचा ताण सैलावतो, कारण आता कोणीतरी सांभाळणारे आहे हे त्याला कळते. हा त्या कथांचा दोष नव्हे. त्यांची जागा मात्र त्यामुळे ठरते. जड कादंबरीनंतर किंवा मन थकलेले असताना समर्थकथा घ्यावी. पहिल्याच आठवड्यात ती घेतल्यास पुढच्या कथांतही वाचक नकळत तारणाऱ्याची वाट पाहत राहतो.

'ड्रॅक्युला' वाचायची असेल तर हा सगळा आराखडा बाजूला ठेवून पूर्ण महिना तिलाच द्यावा. २७ प्रकरणे, २७ संध्याकाळी आणि तीन कोरे दिवस असा हिशेब सरळ जुळतो. मात्र इंग्रजीतून वाचताना एक प्रकरण ४० मिनिटांत होईलच असे नाही, म्हणून बैठक तासाची धरावी. सोडून देणारे बहुतेक वाचक पाचव्या प्रकरणाशी सोडतात, कारण पहिल्या चार प्रकरणांत किल्ल्याकडचा प्रवास आणि किल्ल्यातले प्रसंग येतात आणि पाचव्यात एकदम दोन मैत्रिणींची पत्रे सुरू होतात. ही पत्रे ओलांडून सातव्या प्रकरणातील जहाजाच्या नोंदींपर्यंत जायचेच, असे आधी ठरवून ठेवावे.

सतरावा दिवस कोरा.

अठरावा ते तेविसावा दिवस : डार्क फँटसी

भयकथा आणि डार्क फँटसी यांत फरक करण्याची सोपी कसोटी अशी : भयकथेत अघटित आपल्या ओळखीच्या घरात शिरते, तर डार्क फँटसीत आपणच अशा प्रदेशात जातो जिथे काळोख हाच रोजचा नियम आहे. म्हणून वाचण्याची रीतही बदलते. भयकथेत "पुढे काय" हा प्रश्न ओढत नेतो. इथे आधी "या जगात काय चालते" हे समजून घ्यावे लागते आणि वेग निम्म्यावर आणावा लागतो. कादंबरीच्या वेगाने या टप्प्यात शिरणारा वाचक दुसऱ्या संध्याकाळी कंटाळतो.

मराठीत या टप्प्यासाठी जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा'पेक्षा योग्य पुस्तक मला माहीत नाही. त्यात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा आहेत. प्रत्येकीला तीन संध्याकाळी द्याव्यात. पहिल्या वाचनात प्रतीकांचे अर्थ लावत बसू नये. वाटेत भेटणारी माणसे, त्यांच्या अटी, त्यांनी मागितलेली किंमत एवढेच लक्षात ठेवावे. जी. एं.चे वाक्य लांब असते आणि त्यातली उपमा अनेकदा प्रसंगाइतकीच महत्त्वाची असते, म्हणून एखादे पान मोठ्याने वाचून पाहावे. डोळे जे घाईने ओलांडतात ते जिभेला ओलांडता येत नाही.

ज्यांना दिवसाला पंधराच मिनिटे मिळतात त्यांच्यासाठी घरचाच पर्याय आहे : वेताळ पंचविशी. गोष्टी २५, दिवस २५, आणि पाच दिवस शिल्लक. लहान मुलांसाठीची आवृत्ती मात्र घेऊ नये, तिच्यातून स्मशान आणि गोष्टींतील प्रौढ, क्रूर भाग काढलेला असतो. वेताळाचा प्रश्न आला की राजाचे उत्तर वाचण्याआधी पुस्तक मिटून आपले उत्तर कागदावर लिहावे. शेवटच्या प्रश्नाला राजाही निरुत्तर होतो, आणि चोवीस उत्तरे स्वतः लिहिलेल्या वाचकालाच त्या मौनाचे वजन कळते.

चोविसावा दिवस कोरा.

पंचविसावा ते एकोणतिसावा दिवस : संथ भय

जिथे भूत आहे की नाही हेच शेवटपर्यंत ठरत नाही, अशी कथा शेवटी ठेवावी. तोवर वाचक बारीक खुणा टिपायला शिकलेला असतो. हेन्री जेम्स यांची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही १८९८ मध्ये साप्ताहिकातून १२ हप्त्यांत आली होती. तिची पाने कमी पाहून ती एका रात्रीत संपवण्याची चूक सर्रास होते. वाक्ये इतकी गुंतागुंतीची आहेत, की घाईत नेमका संशयच निसटतो. पहिल्या संध्याकाळी प्रास्ताविक भाग आणि चार प्रकरणे, पुढच्या चार संध्याकाळी पाच-पाच, अशी २४ प्रकरणे पुरी होतात. हातचा तिसरा दिवस इथे लागला, तर शेवटच्या दोन बैठका लांबवाव्यात. जेम्स यांचे इंग्रजी जड वाटत असेल, तर शर्ली जॅक्सन यांची १९५९ ची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' घ्यावी. तिची नऊ प्रकरणे आहेत आणि भाषा स्वच्छ आहे, पण पाने जास्त असल्याने कादंबरीचा टप्पा त्या मानाने छोटा करावा लागेल.

५. रोजची बैठक

वेळ रोज एकच असावी आणि ती झोपेच्या किमान पाऊण तास आधी संपावी. अंथरुणात पडून वाचू नये. डोळा लागता लागता वाचलेली दहा पाने दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत, आणि आठवतात ती नको त्या वेळी. खोलीत पूर्ण अंधार करून फक्त टेबललॅम्प लावण्याने वातावरण येते हे खरे, पण डोळे लवकर थकतात, म्हणून मागे एक मंद दिवा असू द्यावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. कथा नेमकी ताणलेली असताना एक संदेश आला, की तिला पुन्हा तिथवर चढायला वीस पाने लागतात.

सावधान : घरात नुकताच मृत्यू झाला असेल, झोप आधीच उडालेली असेल किंवा मन फार अस्वस्थ असेल, तर हा महिना पुढे ढकलावा. वाचताना सलग दोन रात्री झोप मोडली, तर तीन दिवस पूर्ण थांबावे आणि परतताना समर्थकथेसारखे सांभाळून घेणारे काही घ्यावे. लहान मुले घरात असतील तर मोठ्याने वाचायचे पान ती झोपल्यावरच वाचावे.

६. तीन ओळींचे टिपण

बैठक संपल्यावर लगेच, उठण्याआधी, तीन ओळी लिहाव्यात : काय घडले, भीती नेमकी कुठे वाटली, आणि कोणता शब्द किंवा वस्तू लक्षात राहिली. "छान होती", "अंगावर काटा आला" असे लिहू नये, त्याचा पुढे उपयोग होत नाही. माझ्या वहीतील एक नोंद अशी आहे : "जिन्यावर पावले वाजली तेव्हा नाही. ती सातव्या पायरीवर थांबली आणि घरातल्या कोणीच मान वर केली नाही, तेव्हा." अशा दहा नोंदी झाल्या की स्वतःच्या भीतीची जात कळते. कोणाला आवाज घाबरवतो, कोणाला शांतता, कोणाला माणसांचे न बघणे. पुढच्या वर्षीची निवड त्यावरून करता येते.

तपासणी : पंधराव्या दिवशी वही चाळावी. सलग चार नोंदींत दुसरी ओळ कोरी असेल तर मात्रा बिघडली आहे. हातचा एक दिवस घेऊन वाचन थांबवावे.

७. मागे पडल्यास

राहिलेली पाने दुसऱ्या दिवशीच्या पानांत मिळवून भरपाई करू नये. दुप्पट पाने वाचणारा तिसऱ्या दिवशी तिप्पट मागे असतो. आधी हातचे दिवस वापरावेत. ते संपले तर शेवटच्या, संथ भयाच्या टप्प्यातील पुस्तक पूर्ण गाळावे आणि त्या पाच संध्याकाळी अपुऱ्या कादंबरीला द्याव्यात. डार्क फँटसीचा टप्पा गाळू नये, कारण कादंबरीनंतर मनाला जागा बदलून देण्याचे काम तोच करतो. आणि पन्नास पाने नेटाने वाचूनही एखादे पुस्तक पकड घेत नसेल, तर ते निःसंकोच मिटून एखादी लघुकथा उघडावी.

८. तिसावा दिवस

नवे काही वाचू नये. पहिल्या संध्याकाळची कथा त्याच खुर्चीत, त्याच वेळी पुन्हा वाचावी आणि पहिल्या दिवसाचे टिपण न पाहता नवे तीन ओळींचे टिपण लिहावे. मगच दोन्ही नोंदी शेजारी ठेवून दुसरी ओळ पडताळावी. बहुतेकांची भीतीची जागा दोन-तीन परिच्छेद आधी सरकलेली असते : पहिल्यांदा धक्क्याच्या ओळीवर बसलेली भीती आता त्याआधीच्या एखाद्या साध्या, घरगुती वाक्यावर आलेली दिसते. त्या वाक्याचा पान क्रमांक वहीत लिहून ठेवावा.